निरोपाच्या प्रोग्रामला जोडणी

संगणक दुरुस्त करायला नागपूरहून आलेला तो माणूस आमच्या गडचिरोलीच्या कार्यालयात एकच दिवस होता. हातात येईल ती वस्तू आधी उलटी करून बघायचा, चहाचा रिकामा कपसुद्धा.

पावसाळ्यात वैनगंगेच्या पुराचा निरोप संगणकावर येई. तो कागदावर उतरवून मी व्हरांड्यापलीकडे वायरलेसच्या खोलीत नेई, तेव्हा कुठे नदीकाठच्या गावांना कळे. मी जेवायला गेले की निरोप पडून राही.

"भाऊ, हा निरोप थेट वायरलेसच्या यंत्रावर का जात नाही?"

"कसा जाईन बाई? या प्रोग्रामले बाहेरचं काई जोडाची सोयच नाई."

आमचे साहेब मध्येच म्हणाले, "सोय नाही तेच बरं. नाहीतर उद्या कोणीही बाहेरून खोटा पूर आणेल."

"खोटा पूर तं फोनवरही येते, साहेब. आपण कोण बोलून राह्यलं ते पुसतो, फोन थोडीच तोडतो?"

साहेब हसले. मी विचारलं, "हा प्रोग्राम लिहिला कोणी?"

"मीच. तवा मले का माहीत, तुमच्या इथी व्हरांड्यापलीकडं वायरलेस आहे म्हणून? आता नागपूरले जाऊन पह्यले जोडणीची सोय करतो."

एवढं बोलून तो उठला आणि वायरलेसची खोली बघायला गेला.