चौथ्या तुकड्यातला हिरवा कोपरा

झाशीत मला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त मराठी मी बोलले ती स्वतःशीच. माती तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर हिंदी, घरमालकिणीशी हिंदी, भाजीवाल्याशी भांडण तेवढं बुंदेलीत. संध्याकाळी कुलूप काढताना "आले गं बाई" असं मोठ्यानं म्हणायची सवय लागली होती. घरात ऐकायला कुणी नव्हतं. लग्न केलं नाही, आईवडील गेले. या एकटेपणाची मला लाज वाटायची, म्हणून मी चिडचिड करायची. हिच्या नाकावर राग असतो, असं कचेरीत म्हणत. खोटं नव्हतं.

मराठी बोलायला एकच माणूस होता. बरुआसागरच्या अलीकडे गाई पाळणारे एक काका. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. काकांच्या बोलण्यात निम्मी हिंदी, पण मधूनच एखादा जुना शब्द असा यायचा की मला माझी आजी आठवायची. "ताई, अंमळ बसा, चाय होतेय," ते म्हणायचे. त्या 'अंमळ'साठी मी बसचे धक्के खात जायची.

काकांची बायको वारलेली, मुलगा पुण्याला. कुरणाचा कारभार तो फोनवरून हाकायचा. तारेनं सहा तुकडे पाडायचे, गाई एकेका तुकड्यात पाळीपाळीनं चारायच्या आणि चरून झालं की तिथे युरिया फेकायचा, हे त्याचं वेळापत्रक. मला ते पटत नव्हतं. चरणारी गाय गवतातून घेतलेलं बरंचसं नत्र शेणामुतातून तिथेच परत टाकते. शेण काका वेचून नेत, त्याचे कंडे म्हणजे गोवऱ्या थापत, पण मूत जमिनीतच मुरायचं. जिथे मुरायचं तिथलं गवत गर्द हिरवं व्हायचं, आणि गाई नेमकं त्यालाच तोंड लावत नसत. त्यावर आणखी युरिया म्हणजे अति तिथं माती. म्हणून वर्षातून दोनदा मी नमुने घेई आणि खत कुठे कमी करायचं ते लिहून मुलाला पाठवी.

नमुना घेताना असे हिरवे डाग टाळायचे, हा आमचा नियम. पण त्या हिवाळ्यात चौथ्या तुकड्याच्या कोपऱ्यात नुसता डाग नव्हता, चांगला खोलीएवढा हिरवा चौक होता. मला राहवलं नाही. तिथली माती मी वेगळ्या पिशवीत घेतली. तपासली तर नत्र इतकं निघालं की मी पुन्हा तपासलं.

पुढच्या फेरीत काकांना विचारलं, "या कोपऱ्यात गाय बांधता का?"

"नाही."

"मग युरियाची गोणी सांडली असणार. सांगा ना सरळ."

ते पाठ फिरवून तार ओढू लागले. झालं, माझं डोकं फिरलं. "या वयात खोटं कशाला बोलता, काका?"

त्यांनी पंच्याला हात पुसले. "ठीक है, मैडम जी. गिर गई होगी. आप लिख दीजिए."

ओळखीच्या चार वर्षांत त्यांनी मला कधी मैडम म्हटलं नव्हतं. चहाचंही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. आपल्या जिभेनं आपणच आपलं एकुलतं एक दार लावून घेतलं, असं वाटत होतं.

अहवाल पाठवायचा बाकी होता. चौथ्या दिवशी माफी मागायला म्हणून पहिल्या बसनं गेले. निमित्त असावं म्हणून पिशवी आणि खुरपं घेतलं होतं. धुकं होतं. काका त्याच कोपऱ्यात उभे, तार हातानं उचलून धरलेली, आणि तिच्याखालून एक म्हातारी गाय सावकाश बाहेर निघत होती.

दूध आटलेली गाय इकडे मोकळी सोडून देतात. तिला अन्ना म्हणतात. मुलाच्या सांगण्यावरून काकांनीही हिला सोडली होती. संध्याकाळी ती परत येऊन तारेशी उभी राहिली. तेव्हापासून ते तिला रोज अंधार पडला की आत घेत आणि उजाडताना बाहेर काढत. दोन वर्षं ती त्याच कोपऱ्यात बसत होती.

"आमच्या मंडळींनी हिला बाटलीनं पाजून वाढवली, ताई," काका म्हणाले. "तुम्ही लिहिलं तर पोरगा ट्रक पाठवून हिला लांब सोडायला लावेल. मला बोलायला दुसरं आहे कोण?"

ते मला पुन्हा ताई म्हणाले, आणि त्याच दमात मला लागलंही. मला वाटत होतं, त्यांना बोलायला मी आहे.

अहवालात मी आकडा खरा तोच लिहिला. कारणाच्या रकान्यात रेघ मारली. खाली सल्ला दिला की चौथ्या तुकड्यात युरिया बंद करावा आणि तो कोपरा तारेनं वेगळा करून चराईतून वगळावा. मातीच्या दृष्टीनं सल्ला चोख होता. खत वाचतंय म्हणून मुलगा खूश झाला, नत्र वाढल्याचं कारण त्यानं विचारलंच नाही. गाईला हक्काची जागा झाली.

पुढच्या जेठात, भर उन्हाळ्यात, ती गाय मेली. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर ते स्वतः इलाइट चौराह्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आले. हातात एकच पिशवी होती, त्या कोपऱ्यातल्या मातीची. मी तपासायला घेतली. ते बाकावर बसून राहिले. मधल्या पावसानं नत्र धुऊन नेलं होतं, उरलेलं गवतानं शोषलं होतं.

"किती आलं?"

"बाकीच्या कुरणात आहे तेवढंच, काका."

"म्हणजे आता तिचं काहीच उरलं नाही."

त्यांनी उरलेल्या मातीची पिशवी माझ्यापुढे सरकवली. "ताई, आणखी एकदा बघता का?"

आकडा बदलणार नव्हता. हे मला ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही. पण पुन्हा तपासायला चांगला तासभर लागतो, आणि तेवढा वेळ ते बाकावर बसणार होते.

"अंमळ बसा," मी म्हटलं, आणि माती पुन्हा तोलायला घेतली.