वन्संनी तपासलेलं लाकूड

महिन्यापूर्वी, सकाळी खेडहून फोन आला. शैलावन्सं गेल्या... झोपेतच. दोन वर्षं एकेका श्वासासाठी झगडलेल्या माझ्या मोठ्या नणंदेला शेवटी शांतपणे जाता आलं, म्हणून मला आधी हायसं वाटलं आणि मग रडू आलं. या क्रमाची मला लाज वाटत नाही. त्यांनाही तो पटला असता.

वन्सं लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. लग्न केलं नाही, खेडला एकट्या राहायच्या. त्या मांडवीला आमच्याकडे आल्या की मी जपूनच बोलायची. माझी सई दहा महिन्यांची होती तेव्हा त्यांनी कारखान्यात परदेशातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या पाठवल्या आणि ह्यांनी त्यांचा लेकीसाठी छोटा पलंग केला. चारच दिवसांत फळ्यांतून पिवळा चिकट द्रव झिरपायला लागला आणि सईच्या पाठीवर लालभडक पुरळ उठलं. शेजारी म्हणाले, परदेशी लाकडावर विषारी औषध मारतात. सासूबाई म्हणाल्या, "बंबात घाल गो ते, जळून जाऊ दे." मी मात्र मनातल्या मनात वन्संनाच बोल लावत होते.

फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "जाळू नका. औषध असेल तर धुरानं घरभर होईल. मी येते." आल्या, फळीवरचा ठसा पाहिला. "लाकूड तापवून किडी मारल्याची खूण आहे. पण नुसत्या ठशावर नको विसंबायला." रंध्यानं काढलेल्या सालपटांची पुडी घेऊन गेल्या. ते आठ दिवस मी लेकीला मांडीवरून खाली ठेवलं नाही...

रविवारी पायरीवरूनच त्यांनी सांगितलं, "विष नाही. नुसती राळ आहे."

मग ओट्यावर बसून समजावत राहिल्या. लाकडाचा निम्म्याच्या जवळपास भाग सेल्युलोज, त्याचाच कागद होतो; त्याचे धागे घट्ट धरून ठेवतं ते लिग्निन; आणि पाइनची ही राळ. तिच्यातून टर्पेंटाइन निघतं, उरतं ते रोझीन, साबणापासून वार्निशापर्यंत सगळ्याला लागतं. "झाडाला ती जखम बुजवायला हवी असते. तुझ्या लेकीच्या कातडीला सोसत नाही, एवढंच." त्यांनी स्वतः पदर खोचून फळ्या स्पिरिटनं पुसल्या, ह्यांच्याकडून लाखेचं पॉलिश करून घेतलं. ते पुरतं वाळेपर्यंत पलंग वापरायचा नाही, अशी ताकीद दिली. पुढे पुरळ पुन्हा उठलं नाही.

त्या रविवारी मात्र, मनातल्या मनात त्यांना लावलेला बोल आठवून मी रडायला लागले. वाटलं, आता ओरडतील. तर माझ्या शेजारी बसून खालच्या आवाजात म्हणाल्या, "फळ्या मीच पाठवल्या होत्या ना गो... आठ दिवस माझ्याही घशाखाली घास उतरला नाही." त्या दिवसानंतर मला त्यांचा धाक वाटला नाही.

परवा सईला घेऊन खेडला त्यांचं स्वयंपाकघर आवरायला गेले. फडताळातल्या प्रत्येक बरणीवर बारीक अक्षरात चिठ्ठी: काय आहे, कधी भरलं. मागच्या रांगेत लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "सईसाठी. चाखून पाहिलं आहे. चांगलं आहे."

सईनं तिथेच उभ्या उभ्या झाकण उघडलं.