रस्त्यावरचा निळा

आमच्या शेजारच्या बाई लेझर मशीनवर स्टीलच्या पत्र्यात रंगीत अक्षरं कोरतात. शाई लागत नाही. पत्रा जसा तापेल तसा रंग येतो. पण ट्यूबलाईटखाली दिसलेल्या रंगावर बाईंचा काडीचा विश्वास नाही. आधी पत्र्याच्या पाठीवर छोटा चौकोन काढायचा, तो घेऊन उन्हात रस्त्यावर यायचं आणि दिसेल त्याला विचारायचं, "कोणता रंग?" विचार करून उत्तर देणारा बाद.

आमच्या बुद्धविहाराची पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागायची होती. अक्षरं निळीच हवी होती. किरनापूरचा एक गिऱ्हाईक पाहताक्षणी म्हणाला, "जांभळा दिसून राह्यला."

"चालते ना, बाई," मी म्हणालो.

"तुले चालत असन, मले नाही," म्हणत त्या आत गेल्या. मशीनचा वेग बदलून नवा चौकोन काढला आणि परत बाहेर आल्या. समोर लालबर्र्याच्या बसची वाट पाहणारी म्हातारी होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती खेकसली, "निळा हाये न माय, दिसत नाही काय तुले?"

"हौ! दिसते ना!" बाई भर रस्त्यात पाटी उंचावून नाचल्या. मागून बसवाल्यानं हॉर्न दिला. बाईंनी पाटी त्याच्याच खिडकीशी नेली.

"अरे, नीला है, नीला! अब तो हटो!"

तेव्हा कुठं बाई बाजूला झाल्या.