रांगेच्या शेवटी कांग ओहान

कांग ओहानबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. कांग म्हणजे दादा, आम्ही सगळे त्याला तसंच म्हणायचो. त्याचं वय मला त्याच्या मयतीच्या दिवशी कळलं. पहिल्या बायकोपासून त्याला एक मुलगी आहे आणि ती सुमात्रात राहते, हेही तिथंच कळलं. इतकी वर्षं आम्ही बरोबर मोटारसायकली चालवल्या, पण रांगेत तो माझ्या मागे असायचा. म्हणजे मी त्याला पाहिला तो बहुतेक आरशातच. गोल हेल्मेट, नारिंगी जाकीट आणि पेटलेला दिवा. माणूस ओळखायला एवढं पुरत नाही.

बांडुंगमधल्या आमच्या क्लबात सगळ्या गाड्या जुन्या. आमचा म्होरक्या देदेन म्हणतो, "नव्या गाडीवाले नुसते पोहोचतात, आपण प्रवास करतो." खरं म्हणजे आपण दुरुस्ती करतो. ओहान बाजारामागच्या गाळ्यात कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचा, गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकवतात तसल्या. आमच्यातल्या प्रत्येकाकडे त्याची जोडी आहे. कुणी दुकानातून विकत घेऊन आला की ओहान ती उघडून आत डोकावायचा आणि विचारायचा, "एवढी महागडी? आत काय, सासूबाईंना बसवणार?"

रांगेत सगळ्यांत मागे चालणाऱ्याला आमच्यात नारिंगी जाकीट असतं. त्याने कुणालाही मागे टाकायचं नाही. कुणाची गाडी बंद पडली की त्याने तिथंच थांबायचं, आणि तो येऊन पोहोचल्याशिवाय पुढच्यांनी मुक्काम सोडायचा नाही. ते जाकीट ओहानचं होतं. देदेन क्लबात आला त्याच्या कितीतरी आधीपासून.

दुसरी रीत पायांची. डावीकडे खड्डा असेल तर पुढचा डावा पाय बाहेर काढतो, उजवीकडे असेल तर उजवा. मागचा ते पाहून आपला पाय काढतो, आणि ती खूण शेवटपर्यंत सरकत जाते. सवयीने विचारही करावा लागत नाही. पाय दिसला की गाडी आपोआप दुसऱ्या बाजूला वळते.

एका खेपेला आम्ही दक्षिण किनाऱ्याला निघालो होतो. गारुत सोडून चिकाजांगच्या चहाच्या मळ्यांतून रस्ता खाली उतरतो. स्वच्छ ऊन होतं, डांबर नवं होतं. एका वळणावर माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला म्हणून मी पाय बाहेर काढून ताणला. आरशात पाहिलं तर ओहान एकदम उजवीकडे गेला होता, आणि समोरून कोबी भरलेली पिकअप येत होती. हॉर्न वाजला, काच फुटल्याचा आवाज आला. त्याच्या उजव्या आरशाचा नुसता दांडा उरला होता. तो स्वतः कसा सुटला, मला कळलं नाही.

मी थांबलो. तोही माझ्या मागे येऊन थांबला. बाकीचे वळणापलीकडे गेले होते.

"पाय का काढलास रे?" तो म्हणाला. "खड्डा कुठं होता?"

"खड्डा नव्हता. पायात गोळा आला. कांग, रस्ता दिसत नव्हता का तुला?"

तो हेल्मेटची काच पुसायला लागला. स्वच्छच होती ती.

"समोरचं दिसतं," तो म्हणाला. "नळीतून पाहावं तसं. तुझा दिवा दिसतो, तुझी पाठ दिसते, पाय दिसतात. खाली नाही, बाजूला नाही."

"कधीपासून?"

"शिवण वाकडी जायला लागली तेव्हापासून. तुझ्या पिशवीचीही गेलीये. पाहिलीस तू. बोलला नाहीस."

पाहिली होती. मला वाटलं, वय झालं.

"तेह इमासला सांगितलंस?"

"बायकोला? तिला कळलं असतं तर गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात गेली असती."

"आणि डॉक्टर?"

"तो म्हणतो, गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळा. सांभाळतोय की. रुस्दी, तू फक्त माझ्या पुढे राहा. एवढे दिवस तुझ्या पायांवर चालवतोय, काही झालं का?"

"आत्ता झालं असतं."

"कारण तू उगाच पाय काढलास."

मला राग आला. माझ्याच्याने पटकन बोलणं होत नाही, पण त्या वेळी झालं. "आणि उद्या कुणी दरीच्या कडेला पडला असेल तर? त्याला शोधायला तू मागे असतोस ना? तुला दिसेल तो? त्याच्या बाजूने निघून जाशील, कांग, आणि खाली जाऊन आम्हाला सांगशील की मागे कुणी नाही."

त्याने आरशाचा उरलेला दांडा चाचपला. मग म्हणाला, "जाकीट गेलं तर मी कोण रे? पिशव्या शिवणारा म्हातारा. त्याही वाकड्या."

मी म्हटलं, "खाली गेल्यावर तू देदेनला सांग. नाहीतर मी सांगेन."

उरलेला घाट मी अगदी हळू उतरलो. पोटरी दुखत होती, पण पाय हलवायची हिंमत झाली नाही.

किनाऱ्यावर सगळे माशांच्या शेगडीभोवती बसले होते. "आलं, शेपूट आलं!" कुणीतरी ओरडलं. "वाटेत आणखी एक लग्न लावत होतात का, कांग?"

"लावत होतो," ओहान म्हणाला. "या रुस्दीने मोडलं."

सगळे हसले. तो पोटभर जेवला, दुसऱ्याच्या पानातली मिरचीही उचलून खाल्ली. तुटलेल्या आरशाबद्दल म्हणाला, फांदी लागली. मी वाट पाहत राहिलो. निघायची वेळ झाली तेव्हा तो नारिंगी जाकिटाची चेन वर ओढत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता.

मी देदेनला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याला आधी थट्टा वाटली. मग तो ओहानसमोर जाऊन उभा राहिला.

"कांग, जाकीट द्या."

ओहानने चेन उघडली, जाकीट काढलं, उलटं करून शिवणीवर शिवण ठेवून घडी घातली, आणि देदेनच्या पुढे केलेल्या हातात न देता माझ्यापाशी आणून दिलं.

"घाल," तो म्हणाला. "तुझ्या अंगाला होईल. मोठंच शिवलंय."

एकाची गाडी घरी दुरुस्तीला पडली होती आणि तो दुसऱ्याच्या मागे बसून आला होता. त्याने ओहानची गाडी घेतली. ओहान माझ्या मागे बसला. माझ्या कमरेला त्याने हात लावला नाही, मागचं कॅरियर धरून ताठ बसला. वळणावर मी झुकलो तरी तो झुकत नव्हता, त्यामुळे गाडी जड लागत होती. मळ्यांपाशी धुकं उतरलं तेव्हा तो एकदाच बोलला.

"पुढचा दिवा कुठंय?"

"आहे. मला दिसतोय."

"मला नाही दिसत," तो म्हणाला.

त्यानंतर तो क्लबात आला नाही. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा तेह इमास दारात येऊन म्हणाली, झोपलाय. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. रोज्यांच्या महिन्यात एका दुपारी तो झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि मला त्यांचं म्हणणं मान्य करायचं आहे. कधी होतं, कधी होत नाही. जाकीट माझ्याकडे आहे. दरीच्या प्रत्येक कडेला मी आता गाडी हळू करून खाली पाहतो. देदेन चिडवतो, पण चिडवतो तेवढंच.

त्या दिवशी किनाऱ्यावरून आल्यावर मी ओहानला घरापाशी सोडलं, तेच आमचं शेवटचं बोलणं. तो उतरला, भिंत चाचपत दारापर्यंत गेला आणि मागे न वळता म्हणाला, "आत ये. भात असेल."

"नको, कांग. घरी वाट पाहतायत."

"बरं. जाताना फाटक ओढून घे. कोंबड्या बाहेर जातात."

"ओढतो," मी म्हणालो.