गोळाभाताची वाटणी

माझे वडील काडीसारखे बारीक होते आणि बसथांब्यावर उभ्या उभ्या गेले. हार्ट अटॅक. वय पन्नाशीच्याही आत. आई अंगानं भरलेली होती, तिला साखर होती, आणि तिला जायला वर्षं लागली. आधी डोळे गेले, मग पायाचं बोट, मग किडन्या. ते पाय मी धुतलेले आहेत, पट्ट्या मी बदललेल्या आहेत. या दोन मरणांबद्दल मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मी बापावर गेले, धाकटा भाऊ आईवर. चेहरा, हाडं, केस, चालणं, सगळं. चाळिशीनंतर त्याला साखर निघाली आणि मला कोलेस्टेरॉल, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. माल एका रॅकला असला की तो दुसऱ्या रॅकला नसतो. तसंच आईचं त्याच्याकडे गेलं, बाबांचं माझ्याकडे आलं, असं मी धरून चालले. आईच्या पश्चात बेसाचं आईबाबांचं घर मी हक्कसोड करून भावाला दिलं. आमच्याकडे बहिणी देतातच. तेव्हापासून तो पाहुण्यांना सांगतो, "घर मले, कोलेस्टेरॉल ताईले."

आम्ही जेवायचोसुद्धा या वाटणीप्रमाणे. रविवारी मी त्याच्याकडे असते आणि भावजय बहुतेकदा गोळाभात करते. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भातात वाफवायचे आणि वाढताना वरून कडकडीत फोडणीचं तेल ओतायचं. भावाला भात कमी सांगितलेला, मला तेल. म्हणून माझ्या ताटातले तेलात भिजलेले गोळे त्याच्याकडे जायचे आणि त्याचा कोरडा भात माझ्याकडे यायचा. दोघांचं पथ्य सांभाळलं जातंय असं आम्हाला वाटायचं. भावजय म्हणायची, "तुम्ही दोघं एकाच ताटात जेवत जा. एक ताट तरी कमी घासा लागीन."

मागच्या वर्षी कारखान्याच्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल इतकं आलं की तिथल्या डॉक्टरांनी मला परत रक्त द्यायला लावलं. परत तेवढंच. मग धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्यापेक्षा वयानं बरीच लहान, पण ऐकून घेणारी. तिनं आधी आईवडिलांची चौकशी केली.

"हे नुसतं खाण्याचं नाही, जन्मापासूनचं दिसतंय," ती म्हणाली. "वडिलांकडून आलं असावं. गोळी रोज घ्यायची, कायमची." मग लिहिता लिहिताच, "हिच्यानं साखर किंचित वाढू शकते. आईला होती म्हणताय, तर तीन महिन्यांनी तीही पाहू."

"कोलेस्टेरॉलच्या गोळीनं साखर कशी वाढेल?"

तिनं पेन खाली ठेवलं. काही माणसांच्या जनुकांत जन्मतःच एक बारीक फरक असतो, ती म्हणाली. ही गोळी शरीरात जे काम करते, ते त्यांच्यात थोडंफार आपोआपच होत राहतं. त्यांचं कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी असतं, हृदयाला धोका कमी. पण त्यांच्यात साखर होण्याचं प्रमाण जरा जास्त सापडतं. उलट ज्या घराण्यांत जन्मतः कोलेस्टेरॉल फार असतं, त्यांच्यात साखर जरा कमी दिसते.

"म्हणजे मला होणार नाही."

"असं मी म्हटलं नाही."

"मग होणार?"

"तेही म्हटलं नाही. असे फरक शेकड्यांनी असतात. काही इकडे ढकलतात, काही तिकडे. तुमच्यात आईचेही निम्मे आलेत."

"कोणते निम्मे?"

ती हसली. "ते निवडून येत नाहीत."

गोळ्या घेतल्या, घरी आणल्या आणि मसाल्याच्या डब्यामागे ठेवून दिल्या. नवऱ्याला बोलले नाही. त्यानं लगेच पाण्याचा ग्लास पुढे केला असता. डोक्यात नुसता गुंता झाला होता. कोलेस्टेरॉल मला साखरेपासून वाचवत असेल, तर ते कशाला कमी करायचं? वाचवत नसेल, तर एवढी वर्षं साखर का नाही झाली? आणि "किंचित" म्हणजे किती? स्टोअरमध्ये कुणी किंचित ग्रीस मागितलं तर मी देत नाही. शेवटी मी स्वतःशी सरळ बोलले. बसथांबा की आईचं अंथरूण, यातलं एक निवडायचं असेल तर मला बसथांबा चालेल. गोळी घ्यायची नाही.

पुढच्या रविवारी बेसाला गेले. जेवणं झाली, गोळे तिकडे, भात इकडे. मग भावानं आपला औषधांचा डबा उघडला. त्यात गोळ्यांचा एक पत्ता ओळखीचा दिसला. मसाल्याच्या डब्यामागे लपवलेली माझी गोळी, तीच.

"हे कोनाची गा?"

"माहीच."

"काहून? तुले कोलेस्टेरॉल कुठं हाय?"

"नाई."

"मंग?"

"साखरवाल्याले हार्टचं सांभाळा लागते म्हने. लय दिवसापासून खाऊन राहिलो."

"हिच्यानं साखर वाढते, माहीत हाय का तुले?"

"हाय ना. डॉक्टर म्हने थोडीशी वाढते, पन हार्ट वाचते."

साखरेच्या माणसाला साखर वाढवणारी गोळी, तीही त्याला नसलेल्या आजाराच्या नावाची. मी पत्ता उलटसुलट करून पाहिला. वर काहीच वेगळं लिहिलेलं नव्हतं.

भावजय ताटं उचलता उचलता म्हणाली, "ताई, वाटणी मोडली तुमची. यायनं बाबाचाबी हिस्सा लावून घेतला."

"मंग?" भाऊ म्हणाला. "बाबाचं सारं तुले एकटीलेच काहून पायजे वं? मीबी त्यायचाच पोरगा होय."

तो चेष्टेतच म्हणाला. लहानपणापासून सगळे त्याला सांगत आले, बापाचं तुझ्यात काही आलं नाही. मीही सांगत आले.

"तुही गोळी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"घरी."

"खाते ना?"

"नाई खात. मले आईसारखं नाई पायजे. बाबासारखं चालीन."

त्यानं पत्ता माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "तुले चालीन. तू जाशीन बसथांब्यावरून. मंग माहे पाय कोन धुईन? हे?"

"मी नाई धुनार," भावजय मोरीतून म्हणाली. "आताच सांगून ठेवतो."

आम्ही हसलो. तो हसता हसता एक पाय खुर्चीखाली मागे घेत होता, आणि नेमकं तेच मला दिसलं. अंगठ्याला पट्टी होती.

"हे काय होय?"

"चप्पल चावली."

"कधी?"

"झाले काही दिवस."

मी त्याला पाय वर ठेवायला लावला, खिडकीचा पडदा सारला, पट्टी सोडली. जखम उथळ होती, कडा कोरड्या, वास नव्हता. आईचा पाय असाच उजेडात धरायचे. बोटं तीच, नखंही तीच. काळजीचं काही नव्हतं. पण काही दिवस म्हणजे किती, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी नवी पट्टी बांधली आणि सकाळी डॉक्टरला दाखवायचं कबूल करून घेतलं.

"मंग तू बी खाय," तो पत्ता पुढे करत म्हणाला. "हे घे माह्यातली."

"दुसऱ्याच्या पत्त्यावरची गोळी खात नसते."

घरी जाऊन मसाल्याच्या डब्यामागची काढली आणि घेतली. तेव्हापासून रोज घेते.

तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल बरंच खाली आलं होतं. साखर सरकून काठावर आली होती. ती गोळीमुळे, आईमुळे, की एवढे रविवार भावाच्या वाटचाही भात खाल्ला त्यामुळे, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. ती म्हणाली, सांगता येणार नाही, गोळी चालू ठेवा. ती समाधानी दिसत होती, म्हणून मीही मान हलवली.

भावाचा अंगठा बरा झाला. बेसाला गेल्यावर आता मी आधी त्याचे पाय पाहते, मग हात धुऊन जेवायला बसते. भावजय दोघांना सारखंच वाढते, थोडा भात, दोन गोळे, वर चमचाभर तेल. मी एकदा विचारलं, हे कोणाचं पथ्य?

"कोनाचंच नाई," ती म्हणाली. "शिजलं ते वाढलं. जेवा."