डबीएवढं ऐकणारी मशीन

मनकर्णा देवकतेला वस्तीवर दुसरंही एक नाव होतं. तोंडावर कुणी घेत नसे. पण हापशावरून घागर उचलून ती दोन पावलं पुढं गेली की मागून यायचं, "देवइकी गेली बघ." देव विकणारी. सहा वर्षं हे नाव तिच्या पाठीला चिकटलेलं. एकवीस हंगाम जिनं उसाच्या फडात कोयता हाणला, गर्भाची पिशवी काढायला दवाखान्यात एकटी गेली आणि विसाव्या दिवशी पुन्हा डोक्यावर मोळी घेतली, त्या बाईला गावानं दिलं काय, तर हे.

झालं होतं ते असं. दिंद्रुडच्या अलीकडं दीड कोसावर धनगरांची ती वस्ती. थोरला दीर धर्मराज मेंढरं राखायचा. धाकटा बजरंग आणि त्याची बायको मनकर्णा दरसाल ऊसतोडीला जायचे. घरचे देव म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक, ते सासूच्या ताब्यात. धर्मराज मेंढरांमागं रानोमाळ, घराला सहा महिने कुलूप. म्हणून सासू, सुंदरबाई, टोळी निघायच्या दिवशी टाक पितळी डबीत घालून अंगणात पुरायची आणि टोळी परतली की उकरून देव्हाऱ्यात मांडायची. वस्तीवर सगळ्याच घरांत ही चाल. कुणी जोडवी पुरायचं, कुणी सातबाऱ्याची कागदं. पुरणारानं एकट्यानं पुरायचं आणि जागा बोलायची नाही, हा नेम.

म्हातारीही नातवंडं सांभाळायला टोळीसंगं जायची. सहा वर्षांमागं तशीच गेली आणि दुसऱ्याच महिन्यात कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, तापानं गेली. जागा तिच्याबरोबर गेली. इकडं तोवर धर्मराजनं घरकुल उठवलं, जुना गोठा पाडला, अंगण फळी मारून सपाट केलं. खूण म्हणून काही उरलंच नाही. मनकर्णानं आल्या आल्या खुरप्यानं दहा जागी उकरलं. डबी लागली नाही. तेव्हा धर्मराज चारचौघांत म्हणाला, "मरताना म्हातारीच्या उशाला कोण होतं? हीच ना? टाक संगं नेलते आन तिकडंच इकले."

बजरंगनं त्या वेळी बिडी पेटवली. होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्या साली चैत्र पौर्णिमेला तळी उचलताना बायांनी मनकर्णाला मागं सारलं, आणि मग दरसालच सारायला लागल्या. देव्हारा रिकामा, त्यात नुसता भंडारा. बाहेरच्या लोकांशी भांडता येतं. ज्याच्या ताटात रोज भाकर वाढायची त्याच्या गप्प बसण्याशी कसं भांडायचं?

यंदा उन्हाळ्यात धर्मराजनं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला. मशीन फिरवली, टुंईं वाजली, खड्ड्यातून हंडा निघाला. झालं, त्याच्या डोक्यात पणजा उठून बसला. पोलीस ॲक्शनच्या साली पणज्यानं निजामाच्या हाली रुपयांचा हंडा पुरला, असं घरात बोललं जायचं. पुरला असता तर पोरांनी मेंढरं कशाला राखली असती, हे विचारायची अक्कल कुणाला झाली नाही. गावाला मात्र त्यानं सांगितलं, "देव शोधायला मशीन आनतो." दोन मेंढे विकले आणि भावाला घेऊन बीडला निघाला. मनकर्णालाही बसवलं जीपमध्ये. डबी पाहिलेली तीच एकटी.

दुकानदाराचं नाव प्रविण. चोख माणूस. पाण्याच्या पाइपलाइन शोधणाऱ्यांना आणि भंगारवाल्यांना मशिनी द्यायचा. त्यानं आधी विचारलं, "काय शोधायचंय? नाणी, जुन्या वस्तू का खोल पुरलेलं? तिन्हीला एकच मशीन लागू पडत नसती."

"खोलचं," धर्मराज म्हणाला.

प्रविणनं दोन मशिनी काढल्या. एकीला खाली ताटलीएवढं चाक. दुसरी म्हणजे पुरुषभर दांडी, दोन टोकांना दोन पेट्या. दोन्ही हातांनी पालखीसारखी धरायची. त्यानं दहा रुपयांचं नाणं फरशीवर टाकलं. मोठी वरून फिरवली, मशीन गप्प. छोटी फिरवली, टिंग.

"मोठीला चिल्लर ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "मुठीएवढं असलं तरी सोडून देती. कळशी, पेटी, हंडा असलं काही असंल तर चार-पाच फुटांवरनं सांगती. खिळं-मोळं मधी येत न्हाईत म्हणून लोक घेतात. आन काका, जुनं काही निघालंच तर सरकारला कळवायचं असतंय. कायदा हाय."

थोरल्या दिराशी थेट बोलायची मनकर्णाच्या घरात रीत नव्हती. पदर पुढं ओढून ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना म्हणावं, डबी एवढी होती." तिनं तळहात दाखवला. "आन म्हणावं, डबी पुरली त्या दिवशी ट्रॅक्टर हॉर्न मारीत होता, मीच आत्याबाईच्या हातावर पाणी घातलतं. बांगड्या वर सारलेल्या. माती मनगटाच्या वर चार बोटं. वीतभर, लई तर दीड वीत. गुडघे धरून चालनारी बाई खुरप्यानं पाच फूट खांदल का?"

बजरंगनं काहीच पोहोचवलं नाही. दीर दीड हातावर उभा होता, त्यानं ऐकलं होतंच.

"बज्या, तुज्या बायकूला म्हणावं आमी खेळनं न्यायला आलो न्हाई. जी पाच फुटाचं सांगती ती वीतभराचं सांगनार न्हाई व्हय?"

"तसं नसतंय काका," प्रविण म्हणाला. "मोठ्या भोकाची चाळण आसली की बारीक दाणा गळून जातोय का न्हाई?"

"तू इक बे. शिकवू नकू."

मोठी मशीन जीपच्या टपावर बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळी वस्ती गोळा. धर्मराज मशीन धरून नवरदेवासारखा चालत होता. मेंढरांच्या वाड्यापाशी मशीन कण्हायला लागली. तिथली माती वर्षानुवर्षं मेंढरांच्या मुतानं भिजलेली, तिला काय वाजवायचं ते ती वाजवणारच. पण चार गड्यांनी कमरेएवढं खांदलं. कोरडी काळी ढेकळं निघाली. मग गोठ्याच्या जुन्या जागी मशीन खरंच ओरडली. पुन्हा खड्डा. निघाली बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, गंजून पापुद्रे सुटलेली. बाकी अंगणभर मशीन मुकी.

धर्मराजनं मशीन खाली ठेवली, घाम पुसला आणि आवाज चढवला. "ऐका समदे! सगळ्या अंगणातून फिरवली. देव हायेत का हितं? न्हाईत. आता मी म्हणत न्हाई, यंत्र म्हणतंय!"

आजवर तिच्यावरचा आळ एका माणसाचा होता. आता मशिनीनं साक्ष दिली. आणि मशिनीला कोण म्हणणार, तू खोटं बोलतीस? मनकर्णाचा पदर कधी खांद्यावर आला ते तिला कळलं नाही.

"ती मशीन डबी ऐकतच न्हाई," ती थेट दिराच्या तोंडाकडं बघून म्हणाली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. "दुकानात तुमच्या डोळ्यांम्होरं नानं टाकलतं. वाजली का? मंग हितं कावून वाजंल?"

"बघा रं," धर्मराज हसला. "चोराला तोंड फुटलं."

"गप की आता," बजरंग म्हणाला. बायकोला.

त्या आठवड्यात मनकर्णा पोरीला, बारावी झालेल्या ऋतुजाला, घेऊन एसटीनं बीडला गेली. प्रविणनं छोटी मशीन तीन दिवसांच्या भाड्यानं दिली आणि तिचं आधार कार्ड ठेवून घेतलं. तासभर उभं करून शिकवलंही. काळ्या जमिनीवर मशीन आधी वरखाली करून तिचा आवाज बसवायचा. खिळे गाळायचं बटण दाबायचं नाही, नाहीतर खिळ्यासंगं आपलंही जाईल. आणि घाई करायची नाही.

घाई न करायचं तिला कुणी शिकवायला नको होतं. फडात कोयत्यागणिक पात आखून देतात, आपली पात संपवल्याशिवाय दुसरीत पाय घालायचा नाही. तसं तिनं राखेच्या रेघा ओढून अंगणाच्या पाती पाडल्या आणि डाव्या कुडापासून सुरुवात केली. वाजलं की बसायचं, उकरायचं. खिळे निघाले. विळ्याचं टोक निघालं. मेंढीच्या गळ्यातलं घुंगरू, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, पुन्हा खिळे. "देवइकी झाडलोट करती," कुणीतरी कुडापलीकडून म्हणालं. ती पुढची पात घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवव्या पातीत, आवाज लागला. आडवी फिरवली, उभी फिरवली, आवाज तोच आणि जागा तीच. तिनं खुरप्याला हात लावला नाही. आपण उकरलं तर आळ आपल्यावरच यायचा, एवढं शहाणपण लोकांनी तिला शिकवलं होतं. तिनं ऋतुजाला पिटाळलं, दिराला बोलावलं, नवऱ्याला बोलावलं आणि वस्तीवरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या साखराबाईच्या हातात खुरपं दिलं. "काकू, तुमी उकरा. मी लांब उभी ऱ्हाते."

साखराबाईनं उकरलं. वीतभर गेलं, काही नाही. आणखी चार बोटं. खुरपं टक्कन लागलं. डबी हिरवीगार झालेली, झाकण दगडानं ठोकून उघडावं लागलं. आत कुजक्या चिरगुटात पाच टाक, काळेठिक्कर. साखराबाईनं ते कपाळाला लावले आणि म्हणाली, "सुंदराचीच गाठ हाय ही. मनकर्णे, ये, हात लाव."

ती पुढं झाली तोच धर्मराज बोलला. "मशीन परवापासनं कुणाकडं हाय? राती पुरली आसंल आन आता काढली."

"आरं मुडद्या, डबी हिरवी झालीय! चिरगुट कुजलंय!"

"हिरवी करायला काय लागतंय काकू? वाड्यातल्या चिखलात ठिवली की होती."

मनकर्णानं बजरंगकडं पाहिलं. आता तरी. एक शब्द. बजरंग टाकांकडं बघत होता. म्हणाला, "घावले न्हवं? झालं तर मंग. आता कावून वाढवतीस?"

तिनं टाकांना हात लावला नाही. मशीन उचलली आणि घरात गेली.

देव धर्मराजच्या घरकुलात गेले. ते थोरल्याच्याच घरी ठेवायचे, हा नेमच आहे. नेम आठवायला ही माणसं फार तरबेज. दुधानं धुतले, रविवारी तळी भरली, दिंद्रुडहूनही माणसं आली. धर्मराजनं दोन पेट्यांची मशीन भिंतीला टेकवली, शेजारी टाकांचं ताट धरलं आणि फोटो काढून घेतला. सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत गोष्ट गेली ती अशी, की धर्मराजनं मेंढे विकून मशीन आणली आणि घरचे देव काढले. घरात एक गोष्ट, बाजारात दुसरी. मनकर्णा एकीत चोर आणि दुसरीत नाहीच. वस्तीवरची बायामाणसं तेवढी तिच्याशी जरा बरी बोलू लागली, दया केल्यासारखी.

त्याआधी, डबी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भाड्याची मुदत संपली म्हणून ती छोटी मशीन परत द्यायला बीडला गेली. प्रविणनं आधार कार्ड दिलं आणि विचारलं, "घावलं का, ताई?"

"घावलं."

त्याला लई आनंद झाला. त्यानं मोबाईल काढला. "दोन शब्द बोला की. गिऱ्हाइकांना दाखवायला व्हिडिओ करतो. काय घावलं, किती खोल, मशीन कशी वाटली, तेवढंच."

मनकर्णानं पदर सारखा केला. सहा वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, बोला.

"माझं नाव मनकर्णा बजरंग देवकते," ती म्हणाली. "मी देव इकले नव्हते."

प्रविणनं मोबाईल खाली केला. "ते नको ताई, ते घरगुती झालं. मशीनचं बोला."

"मशीनचं तुमी सांगा. तुमची हाय." तिनं कार्ड कमरेच्या पिशवीत घातलं. "मला इचारलं तर मी हेच सांगनार."

तो ओशाळून हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. माजलगावच्या दोन माणसांना खोलची मशीन बघायची होती. मनकर्णा दारातून वळली आणि त्यांना म्हणाली, "आधी पुरनारा कोन होता ते इचारा. मंग मशीन घ्या."

ते एकमेकांकडं बघून हसले.