उजवीकडची सीट

बशीर गेला हे मला मंदारने फोन करून सांगितलं, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. दीड महिना झाला. दुःख आहेच, पण त्याच्या शेजारी हा रागही ठाण मांडून बसलाय. बशीर आणि मी महाडच्या शाळेत एका बाकावर वाढलेले, आणि बातमी द्यायला कोण, तर परवापरवा एमआयडीसीत नोकरीला लागलेला, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा एक इंजिनिअर! नंतर बशीरची बायको सलमाभाभी म्हणाली, "मास्तर, नाव शोधायचं भान नव्हतं मला. यांच्या फोनात सगळ्यात वर मंदारचं नाव होतं, तेच दाबलं." म्हणजे झोपेत हृदय बंद पडण्याआधी बशीर शेवटचं बोलला तोही मंदारशीच... भाभीला धीर द्यायला गेलो होतो, तर मीच तोंड पाडून बसलो.

शाळा संपल्यावर बशीर आखातात गेला आणि विमानतळावरच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करू लागला. मी नाते गावाहून रोज महाडला येऊन मुलांना विज्ञान शिकवत राहिलो. तो सुट्टीवर यायचा, अत्तराची बाटली हातात ठेवायचा आणि विमानांबद्दल बोलत सुटायचा. तिकडे एका क्लबात तो छोटं विमान उडवायलाही शिकला. मला त्याचा हेवा तेव्हापासून वाटतो, खोटं कशाला बोलू? तो कायमचा परत आला तेव्हा लोकांना वाटलं, आता टेम्पो घेईल, नाहीतर दुकान टाकेल. त्याने बिरवाडीत घरामागे शेड घातली आणि मला बोलावून सांगितलं, "मास्तर, विमान बांधतोय. दोन सीटचं. डावीकडं मी, उजवीकडं तू." सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. मी मात्र घरी जाताना रस्ताभर एकटाच हसत होतो.

सांगाडा झाला, पंख झाले, परदेशातून वापरलेलं इंजिन आलं. कुडपणच्या पठारावर ओळखीच्या एका शेतकऱ्याने सपाट रान दाखवलं. परवानगी मिळाली की तिथूनच उडायचं ठरलं. परवानगी काही आली नाही, पण तिची वाट बघतानाच एक वेगळी अडचण निघाली. कुडपण उंचावर, हवा विरळ, त्यात ऊन. दोन माणसं घेऊन वर चढायला इंजिनाचा जोर पुरणार नव्हता. इंजिनाचं आपल्यासारखंच असतं, श्वास कोंडला की दम लागतो, आणि आमचं इंजिन बॉनेटच्या आतली तापलेली हवा ओढत होतं. मी म्हटलं, समोर एक तोंड काढ, अॅल्युमिनियमच्या नळकांड्यातून बाहेरची गार हवा आत घे. हलकं काम, बिघडायला त्यात काही नाही. बशीरने पाठीवर थाप मारली. मला वाटलं, झालं, माझी सीट पक्की झाली.

नेमका तेव्हा मंदार उगवला. कुणाकडून तरी ऐकून शेड बघायला आला आणि मग रोज कारखान्यातली पाळी संपली की तिथेच. शिडशिडीत अंगाचा, गोड बोलणारा, बशीरला 'चाचा' म्हणणारा. त्याचं म्हणणं, नळकांड्याने थोडकंच साधेल. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन्ही कार्ब्युरेटर काढा, हवेच्या नळ्या बदला आणि पेट्रोल थेट फवारणारं इंजेक्शन बसवा. मी विचारलं, त्याचा विजेवरचा पंप, जादा बॅटरी, हे वजन कोण उचलणार? शेडच्या वाशाला बशीरने वजनाचा ताणकाटा टांगलेला होता. त्याला अडकवून बघितल्याशिवाय तो स्क्रूसुद्धा विमानात जाऊ देत नसे. आमच्या दोघांच्या वस्तू त्याने आळीपाळीने अडकवल्या. माझं नळकांडं पिसासारखं, मंदारचं गाठोडं काटा खाली ओढणारं. मी मंदारकडे ऐटीत बघितलं. तेव्हा तो म्हणाला, "पण सर, आपल्याकडच्या दमट हवेत कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो. इंजिन वर गेल्यावर बंद पडेल." मी मोठ्याने हसलो. महाडच्या उन्हात बर्फ? बशीर हसला नाही. "धरतो रे मास्तर. तिकडं बघितलंय मी." पेट्रोलची वाफ होताना गारवा येणारच. माठाचं उदाहरण देऊन हेच मी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. पण मंदारच्या तोंडून ते मला पटेना.

एका संध्याकाळी गेलो तर इंजिन सुरू होतं, बशीर डावीकडे आणि मंदार उजवीकडे, हातात मीटर धरून. माझ्या सीटवर! अंगाची नुसती आग झाली. घरी आरशात बघितलं तेव्हा पोट दिसलं, आणि मंदारची सपाट कंबर आठवली. वजनाबद्दलचा बशीरचा कटाक्ष मला ठाऊक होता. तो तोंडावर बोलणार नाही, पण बारीक माणूसच उचलणार, अशी माझी खात्री झाली. मी जेवण निम्म्यावर आणलं, पहाटे चालायला जाऊ लागलो. बायकोला वाटलं, मला साखर झाली आणि मी लपवतोय. शेडवर मात्र एक दिवस चुकवला नाही. त्या दोघांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती.

शेवटी बशीरने मंदारचंच ऐकलं. म्हणाला, "वजन वाढतंय, पण जोर त्याच्याहून जास्त वाढतोय." मी चिडून म्हटलं, "मग घेऊन बस त्यालाच." तो पान्याने नट आवळत होता. वर न बघता म्हणाला, "येडा हायेस." एवढंच... इंजेक्शन बसलं, इंजिन एकदा घुमलं, आणि पुढच्या आठवड्यात बशीर गेला.

बशीरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी भाभीने शेड झाडून घ्यायला सांगितलं. मंदार आधीच तिथे होता. मी झाडू घेतला. बराच वेळ आम्ही एकमेकांच्या वाटेत येत राहिलो, मग तोच बोलला. "सर, मला तुमचा फार राग यायचा."

मी थांबलो. माझा? तो पुढे म्हणाला, "मी चाचांना कितीदा म्हटलं, मला घेऊन चला, मी हलका आहे, जुनं इंजिन तसंच पुरेल. नळीसुद्धा बदलायला नको. ते म्हणायचे, नाय, ती जागा दिलेली हाय. मास्तर जाड हाय, त्याला उचलंल असं काय ते सांग. मग मी ते सांगितलं."

म्हणजे मी इतके दिवस ज्या इंजेक्शनच्या नावाने बोटं मोडत होतो, ते माझ्या पोटापायी बसलं होतं. ऐकून मला रडू आलं, हे खरं. पण मंदार माझ्यावर जळत होता हे कळून त्या रडण्यातही बरं वाटलं, हेही तितकंच खरं. त्याने बोट दाखवलं. उजव्या सीटच्या पट्ट्याला बशीरने आपल्या हाताने जादा तुकडा शिवून जोडला होता, जाड दोऱ्याची दुहेरी शिवण घालून. मी कसाबसा आत चढून बसलो आणि पट्टा लावला. तो पोटावर चांगला वीतभर सैल पडला.

"आवळून देऊ का?" मंदारने विचारलं. मी नको म्हटलं. बशीरने घेतलेलं माप होतं ते, त्याला हात लावू द्यायचा नव्हता, मंदारला तर नाहीच. डावीकडे बघायचं टाळलं... त्या रात्री जेवताना बायकोने नेहमीसारखा अर्धाच भात वाढला. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, आणखी वाढ.